परदेशी गेलेला विद्यार्थी, आपल्याकडे आलेला पाहुणा : संकटकाळी विद्यापीठाने कोणत्या क्रमाने काय करावे

कोकणातल्या बहुतेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठ-उपकेंद्रांत ‘आंतरराष्ट्रीय कक्ष’ म्हणजे आठवड्याला सोळा तास शिकवणारा एक प्राध्यापक, अर्धा दिवस मिळणारा एक लिपिक आणि करारांच्या फायलींचे एक कपाट. अशा कक्षाकडून संकटकाळात चुका होतात त्या धैर्य कमी पडल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात. परदेशात काही घडल्याची बातमी वाहिनीवर झळकते आणि कार्यालयात सर्वांत आधी निवेदनाचा मसुदा लिहायला घेतला जातो. मग दूतावासाचा क्रमांक शोधला जातो. मग वर्तमानपत्राचा वार्ताहर येतो. आणि दुपारी कोणीतरी विचारते, ‘पण आपली मुले तिथे नेमकी किती आहेत?’ हा प्रश्न पहिला असायला हवा. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. पहिले चार टप्पे संकट नसतानाचे आहेत आणि खरे काम तिथेच आहे.

टप्पा १ : यादी करा, आणि ती कागदावर ठेवा

दोन याद्या लागतात. एक आपल्याकडून परदेशी गेलेल्यांची, म्हणजे विद्यार्थी, संशोधक, परिषदेला गेलेले प्राध्यापक आणि संघाबरोबर गेलेले शिपाईसुद्धा. दुसरी आपल्याकडे आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची आणि पाहुण्यांची. प्रत्येक नावापुढे पासपोर्टवरील नावाचे अचूक स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक व मुदत, व्हिसाचा प्रकार व मुदत, सध्याचा राहण्याचा पत्ता, तिथला स्थानिक क्रमांक, विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि यजमान संस्थेतील एका माणसाचा रात्रीही उचलला जाणारा फोन एवढे असावे. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात सर्वाधिक घोळ होतो. मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात बाहेर गेलेल्या सहा विद्यार्थ्यांपैकी चौघांचे पत्ते प्रवेशाच्या वेळचे होते; मुले दोन महिन्यांपूर्वीच वसतिगृह सोडून भाड्याच्या खोलीत गेली होती आणि आम्ही दीड तास रिकाम्या खोल्यांच्या चौकश्या करत बसलो होतो.

घरच्या संपर्काबाबत आपल्याकडे एक खास काळजी घ्यावी लागते. अर्जावर वडिलांचा क्रमांक असतो, पण वडील वाडीत असतात, तिथे रेंज घराच्या पडवीत नाही तर वरच्या सड्यावर येते, आणि घरातले मोठे निर्णय मुंबईतले चाकरमानी काका किंवा दुबईतले मामा घेतात. म्हणून प्रवेशाच्या वेळीच पालकांना सरळ विचारावे की, तातडीच्या वेळी पहिला फोन कोणाला करायचा आणि निर्णय कोण घेईल. दोन्ही नावे स्वतंत्र लिहून घ्यावीत आणि शेजारच्या घराचा एक क्रमांक जोडावा. पालकाच्या लेखी संमतीशिवाय काकांना माहिती देता येणार नाही, हेही त्याच वेळी समजावून सही घ्यावी.

यादी संगणकात असावीच, पण तेवढ्यावर भागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तळमजल्यावरची कपाटे दप्तरांसकट गेली. म्हणून यादीच्या तीन छापील प्रती काढून त्या जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात : एक कुलसचिव किंवा प्राचार्यांकडे, एक कक्षप्रमुखाच्या घरी, एक वसतिगृहाच्या रेक्टरकडे, आणि तिन्ही वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात कागदाला बुरी धरते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये एकदा पाकीट उघडून पाहावे.

आजार, औषधे आणि ॲलर्जी यांची माहिती या यादीत घालू नये. ती प्रत्येकाच्या नावाच्या बंद लिफाफ्यात ठेवावी आणि लिफाफा कोणी, कधी, कशासाठी उघडला हे वर लिहावे. व्यक्तिगत माहितीबाबतचा २०२३ चा कायदा संस्थांसाठीही आहे, आणि तो नसता तरी एखाद्या मुलीच्या औषधांची यादी चार कार्यालयांतून फिरणे बरे नव्हे.

पडताळा : यादीतली कोणतीही तीन नावे निवडा आणि सगळे क्रमांक लावून पाहा. दोन लागले नाहीत, तर यादी शिळी आहे असे समजा.

टप्पा २ : अधिकार कोणाला आणि पैसे कुठून, हे आधी ठरवा

पथक लहान असावे. निर्णय घेणारा एक, नोंद ठेवणारा एक, विद्यार्थ्यांशी व घरच्यांशी बोलणारा एक, आणि दूतावास, पोलिस व जिल्हा प्रशासनाशी बोलणारा एक, अशी चार माणसे पुरतात. प्रत्येकाला एक बदली माणूस हवा, आणि तो त्याच गावात राहणारा हवा. गणपतीत आणि शिमग्यात आपल्याकडची निम्मी कार्यालये ओस पडतात, गाड्या भरलेल्या असतात, आणि जगाची संकटे आपल्या सणांचे पंचांग पाहून येत नाहीत. त्या आठवड्यांसाठी ‘प्रभारी’ कोण, याचा आदेश सणाआधीच निघालेला असावा.

दुसरी अडचण पैशांची. नेहमीच्या पद्धतीने विमानाचे तिकीट काढायचे तर टिपण, तीन दरपत्रके, लेखा विभागाचा शेरा आणि मंजुरी या सगळ्याला चार दिवस जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा, २०१६ नुसार कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी आवश्यक ती कारवाई करून नंतर संबंधित प्राधिकरणाला कळवता येते. परंतु कुलगुरूंना हा अधिकार असणे आणि रात्री अकरा वाजता लेखा अधिकाऱ्याने रक्कम सोडणे यांत अंतर आहे. म्हणून व्यवस्थापन परिषदेकडून किंवा संस्थेच्या नियामक मंडळाकडून आधीच ठराव करून घ्यावा, आणि त्यात संकटनिधीची रक्कम, ती खर्च करण्याचा अधिकार असलेल्या दोन व्यक्तींची पदनामे, दरपत्रकांतून सूट आणि खर्चाचा हिशेब किती दिवसांत द्यायचा, या चार गोष्टी असाव्यात. ठरावाची छायाप्रत यादीच्या पाकिटात घालावी.

टप्पा ३ : करार, विमा आणि नोंदणी

सामंजस्य करारांत संशोधनाची उद्दिष्टे दोन पाने असतात आणि ‘विद्यार्थी रुग्णालयात असेल तर कोण धावेल’ याबद्दल एक ओळही नसते. नवीन करार करताना, किंवा जुन्याचे नूतनीकरण करताना, यजमान संस्थेने किती वेळात कळवायचे, दोन्ही बाजूंचे रात्रीचे क्रमांक कोणते, निवास खाली करावे लागल्यास पर्यायी सोय कोणाची, आणि शिक्षण मध्येच थांबले तर श्रेयांक व शुल्काचे काय, हे कलम घालून घ्यावे.

यातला शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हमधील भारतीय दूतावासाने १५ तारखेला आणि पुन्हा २० तारखेला, ज्यांचे थांबणे अत्यावश्यक नाही त्यांनी तात्पुरते युक्रेन सोडावे असे सांगितले होते. तरी अनेक विद्यार्थी थांबले, आणि त्यामागच्या कारणांत वर्गातली हजेरी बुडण्याची भीती हे एक मोठे कारण होते. २४ फेब्रुवारीला तिथले हवाई क्षेत्र बंद झाले. ‘दूतावासाच्या सूचनेवरून परतलेल्या विद्यार्थ्याचे सत्र बुडणार नाही’ असे पत्र हातात असते, तर काही मुले चार दिवस आधी निघाली असती. असे पत्र आपल्या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी जाण्याआधीच द्यावे.

विमा वाचून पाहावा, नुसता असल्याची खात्री करू नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण लागते, ते वैद्यकीय उपचार आणि मायदेशी परत आणण्यासाठी असते. युद्ध किंवा दंगलीमुळे देश सोडावा लागला तर त्या खर्चाची हमी त्यात असेलच असे नाही. पॉलिसीत चार गोष्टी शोधाव्यात : रुग्णाला दुसऱ्या शहरी किंवा देशी हलवण्याचा खर्च, पार्थिव परत आणण्याचा खर्च, मानसिक आजारावरचे उपचार, आणि युद्ध व नागरी अशांततेबाबतचे अपवाद. चौथी गोष्ट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद केली आहे का आणि त्या देशातील भारतीय दूतावासाकडे आपला पत्ता दिला आहे का, हे निरोप समारंभाच्या आधी तपासावे.

आपल्याकडे येणाऱ्यांबाबत कायदेशीर जबाबदारी आपली आहे, आणि इथे ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. परदेशी व्यक्ती वसतिगृहात, अतिथिगृहात किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या घरी उतरली की २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. यालाच कार्यालयांत वर्षानुवर्षे ‘सी फॉर्म’ म्हणतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याची नोंदणी आगमनानंतर १४ दिवसांत व्हावी लागते, आणि जिल्ह्यात हे काम पोलिस अधीक्षक कार्यालयाकडे असते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ ने जुने चार कायदे रद्द केले असून परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे बंधन विद्यापीठांवर स्पष्टपणे घातले आहे. नोंद राहून गेलेला विद्यार्थी संकटात सापडला, तर एकाऐवजी दोन संकटे उभी राहतात.

सावध राहा : किनाऱ्यावर संशोधनाला येणारे पाहुणे उपग्रह-फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र सवयीने सोबत आणतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही आणि विमानतळावरच गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. तसेच परदेशी संशोधकाला इथले जैविक नमुने संशोधनासाठी घ्यायचे तर जैवविविधता कायदा, २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. खाडीतल्या शिंपल्यांची पिशवी सामानात सापडल्यावर ‘विद्यापीठाने सांगितले होते’ हे स्पष्टीकरण आपल्यावरच उलटते. निमंत्रणपत्रासोबत या दोन सूचना लेखी पाठवाव्यात.

टप्पा ४ : पाहुण्यांच्या वेळापत्रकात आपला पावसाळा घाला

परदेशी गटाचा कार्यक्रम आखताना आपण जेवणाचा आणि देवदर्शनाचा विचार करतो, रस्त्याचा करत नाही. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी परिसरात दरड रुळांवर आली आणि कोकण रेल्वे सुमारे २४ तास बंद राहिली. परशुराम, कुंभार्ली, आंबा, आंबोली यांपैकी एखादा घाट दरवर्षी केव्हा ना केव्हा अडतोच. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पाहुण्याला मुंबईत किंवा गोव्यात पोहोचवावे, आणि रेल्वे, महामार्ग व घाटवाट असे तीन पर्याय कागदावर मांडून ठेवावेत.

समुद्राबद्दल पहिल्याच संध्याकाळी, इंग्रजीत आणि न संकोचता सांगावे. पाहुण्यांतले काही जण उत्तम पोहणारे असतात आणि तेच अधिक धोक्यात असतात, कारण भरती-ओहोटीची वेळ आणि आपल्या किनाऱ्याची ओढ त्यांना ठाऊक नसते. गावातल्या एका मच्छीमाराला पाच मिनिटे बोलायला बोलवावे. त्याचे ‘इथे नको’ हे दोन शब्द आपल्या माहितीपत्रकाहून जास्त ऐकले जातात.

रानात काम करणाऱ्यांसाठी फुरसे आणि मण्यार यांची चित्रे, विषाची लस उपलब्ध असलेले जवळचे शासकीय रुग्णालय आणि तिथवर लागणारा खरा वेळ एका पानावर द्यावा. दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तिकडच्या जंगलात गट न्यायचा असेल तर आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलावे. भातखाचरात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची कल्पना द्यावी, पायाला जखम असेल तर उतरू देऊ नये, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘चिखलात काम केले होते’ हे सांगायला शिकवावे.

पाहुण्याच्या ओळखपत्रामागे चार क्रमांक छापावेत : ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि कक्षप्रमुखाचा.

टप्पा ५ : पहिला तास

बातमी आली. आता पुढचा क्रम मोडू नये.

पहिले, वही उघडा. लांब, रेघांचे, पाने क्रमांकित असलेले रजिस्टर असावे आणि त्यात वेळ, कोणाकडून, काय कळले, खात्री झाली का, पुढे कोण काय करणार, असे पाच रकाने असावेत. नोंदी अशा दिसतात :

सकाळी ९.०५ – वाहिनीवरील बातमी – शहरात स्फोट – खात्री नाही – यादीतील नावे काढणे, लिपिक.

९.१२ – यादी – त्या शहरात आपले ५ – खात्री आहे – प्रत्येकाला फोन, कक्षप्रमुख.

९.३१ – विद्यार्थी क्र. ३ – स्वतः फोनवर बोलला, क्र. १ व ४ सोबत आहेत – ३ ची खात्री. १ व ४ चा आवाज अजून ऐकला नाही.

शेवटची नोंद मुद्दाम दाखवली आहे. ‘सोबत आहेत’ हे ऐकीव आहे. ज्याचा आवाज आपण ऐकला किंवा ज्याने स्वतः संदेश पाठवला, त्याच्याच नावापुढे खूण करावी. कार्यालयात एकदा ‘सगळे सुखरूप’ असे तोंडातून गेले की ते परत घेता येत नाही.

दुसरे, माणसे मोजा. यादीतल्या प्रत्येकाला आधी फोन, मग संदेश. संदेश एकच आणि उत्तराला सोपा असावा : ‘सुखरूप असाल तर १ पाठवा, मदत हवी असेल तर २ पाठवा, सोबत ठिकाण लिहा.’ जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आंदोलन पेटले तेव्हा १८ तारखेपासून काही दिवस तिथले इंटरनेट बंद होते आणि व्हॉट्सॲपवर उभारलेली सगळी संपर्कयोजना एका रात्रीत निकामी झाली. साधा फोन, साधा एसएमएस, आणि यजमान संस्थेची जमिनीवरची लाइन हे पर्याय यादीत असायलाच हवेत.

तिसरे, यजमान संस्था आणि दूतावास. दूतावासाला नावे, पासपोर्ट क्रमांक आणि ठिकाणे एका तक्त्यात पाठवावीत. पाच जणांनी पाच वेगवेगळे फोन करून त्यांची लाइन अडवू नये. वेळेचा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मध्य युरोप हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो, जपान बाराही महिने साडेतीन तास पुढे असतो, आणि घाईत हे हमखास उलटे मोजले जाते.

चौथे, घरच्यांना फोन. पाचवे, कुलगुरू किंवा प्राचार्यांना लेखी स्थितिदर्शक टिपण. माध्यमे या तासात कुठेच नाहीत.

संकट इथेच असेल, म्हणजे आपल्याकडचा परदेशी विद्यार्थी अपघातात किंवा पुरात सापडला असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या आधी ११२ किंवा १०८. हे सांगावे लागते, कारण ‘आधी साहेबांना विचारू’ म्हणून वीस मिनिटे गेल्याचे मी पाहिले आहे.

टप्पा ६ : थांबायचे की निघायचे

हा निर्णय रत्नागिरीत बसून नकाशा पाहून घेता येत नाही. आपले काम माहिती जुळवण्याचे, पैशाची सोय करण्याचे आणि विद्यार्थ्याच्या मनातली शैक्षणिक भीती काढण्याचे आहे. मार्ग आणि वेळ याबाबत दूतावासाची सूचना अंतिम मानावी. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’ची पहिली विमाने सुटली त्याच दिवशी, दूतावासाने युक्रेनमधील भारतीयांना अधिकाऱ्यांशी समन्वय साधल्याशिवाय सीमेवर जाऊ नका असे सांगितले होते, अशा वेळी घरून ‘निघ, कसाही निघ’ म्हणणारा प्रेमळ मामा आणि महाविद्यालयातून तेच म्हणणारा उत्साही प्राध्यापक, दोघेही मुलाला धोक्यात घालतात.

थांबायचे ठरले तर पाणी, कोरडे अन्न, औषधे, भारलेला फोन आणि थोडी रोकड स्थानिक चलनात आहे का, हे विचारावे. निघायचे ठरले तर पासपोर्ट, विम्याचा कागद आणि गुणपत्रिका अंगावरच्या पिशवीत, बाकी सामान सोडून द्यायचे; गट फुटू द्यायचा नाही; आणि दर तीन तासांनी, ठरलेल्या वेळी, एकानेच सर्वांच्या वतीने कळवायचे, म्हणजे फोनची बॅटरी वाचते.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो न निघणाऱ्या विद्यार्थ्याचा. तो सज्ञान आहे, आपण त्याला ओढून आणू शकत नाही. धोका समजावून सांगितल्याची आणि त्याने नकार दिल्याची नोंद करावी, रोज संपर्क ठेवावा, आणि दार उघडे ठेवावे. ‘आता तुमची जबाबदारी आमची नाही’ असले पत्र पाठवण्याचा मोह टाळावा.

टप्पा ७ : घरच्यांशी बोलणे

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सर्वाधिक मनस्ताप याच टप्प्यात होतो. एका घराला एकच माणूस फोन करील, आणि शेवटपर्यंत तोच करील. पालकांना अधिकारपदाशी बोलायचे नसते, ओळखीच्या आवाजाशी बोलायचे असते. फोन साधारण असा असावा :

‘काकू, मी कॉलेजच्या ऑफिसातून बोलतेय. आधी एक सांगते, तुमच्या मुलीशी सकाळी साडेनऊला माझं स्वतःचं बोलणं झालंय. ती तिच्या खोलीत आहे, तिला काही लागलेलं नाही. शहरात गोंधळ आहे, म्हणून तिला बाहेर पडू नको म्हटलंय. मी तुम्हाला संध्याकाळी सात वाजता परत फोन करीन. नवीन काही कळलं नाही तरी करीन. घरात आत्ता तुमच्याजवळ कोण आहे?’

यात चार गोष्टी आहेत : जे ठाऊक आहे ते कसे व केव्हा ठाऊक झाले, पुढच्या फोनची वेळ, ती पाळण्याचे वचन, आणि ऐकणारे माणूस एकटे नाही याची चौकशी. सातचा फोन सव्वासातला गेला तर त्या पंधरा मिनिटांत काकूंनी गावातल्या दहा जणांना फोन केलेला असतो. जे कळलेले नाही ते ‘अजून कळलेले नाही’ असेच सांगावे. ‘काळजी करू नका’ हे शब्द वापरू नयेत, त्यांचा कधीच उपयोग होत नाही.

संपर्क होत नसलेल्या मुलाच्या घरी फोनवर भागवू नये. गावात जाण्यासारखे असेल तर एका प्राध्यापकाने, सोबत सरपंच किंवा पोलिस पाटलांना कल्पना देऊन, प्रत्यक्ष जावे. परदेशी विद्यार्थ्याच्या पालकांशी बोलताना दुभाषा लागणार असेल, तर तो त्याच देशाचा दुसरा विद्यार्थी नसावा. वाईट बातमीचे ओझे एकोणीस वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. त्या देशाच्या दूतावासाची किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाची मदत घ्यावी.

टप्पा ८ : चार प्रसंग, चार वेगळ्या वाटा

*पासपोर्ट हरवला.* आपला विद्यार्थी परदेशात असेल तर तिथल्या पोलिसांकडे तक्रार आणि भारतीय दूतावासाकडे अर्ज. परतायचेच असेल तर दूतावास एकेरी प्रवासाचे आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. आपल्याकडच्या परदेशी विद्यार्थ्याचा हरवला तर पोलिस तक्रार, त्याच्या दूतावासाचा नवा प्रवासदस्तऐवज, आणि त्यानंतर नोंदणी कार्यालयाची बाहेर जाण्याची परवानगी असा क्रम आहे. तिसरी पायरी विसरून विद्यार्थी विमानतळावरून परत आल्याची उदाहरणे आहेत.

*अटक किंवा ताबा.* वाणिज्य दूतसंबंधांबाबतच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगावा लागतो. कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ च्या निकालात याच कलमाचा भंग झाल्याचे म्हटले होते. विद्यार्थ्याला एवढेच शिकवावे की, दूतावासाला कळवा असे म्हणायचे आणि न समजलेल्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. विद्यापीठाने गुन्ह्याबद्दल कोणतेही मत, अगदी चांगल्या वर्तणुकीचा दाखलासुद्धा, वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये.

*लैंगिक छळाची तक्रार.* आधी सुरक्षित जागा आणि वैद्यकीय मदत. मग तक्रारदाराच्या इच्छेनुसार पोलिस आणि अंतर्गत समिती. यजमान संस्थेशी संबंध बिघडतील म्हणून तक्रार ‘सामोपचाराने’ मिटवण्याचा सल्ला कक्षातल्या कोणीही देऊ नये.

*मृत्यू.* वही, पोलिस, दूतावास, आणि मग घरचे, असा क्रम ठेवावा, पण समाजमाध्यमांवर बातमी आधी पोहोचेल अशी शक्यता दिसली तर घरच्यांना लगेच सांगावे. पार्थिव परदेशातून आणण्यासाठी किंवा इथून पाठवण्यासाठी मृत्यूचा दाखला, शवलेपनाचे प्रमाणपत्र, पोलिसांचे नाहरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाची परवानगी ही कागदपत्रे साधारणपणे लागतात. लहान गावात शवलेपनाची सोय नसते, म्हणून शवविच्छेदनानंतर कुठे न्यायचे हे जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारून आधीच लिहून ठेवावे. परदेशात मरण पावलेल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाची ऐपत नसेल तर दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. तो अर्ज विद्यापीठाने स्वतः भरावा. अंत्यविधी कोणत्या पद्धतीने, हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय काहीही ठरवू नये.

टप्पा ९ : माध्यमे

एकच प्रवक्ता, दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, आणि चार वाक्ये : किती जण तिथे आहेत, किती जणांशी संपर्क झाला, आपण काय करत आहोत, पुढची माहिती केव्हा. नावे, गावे आणि छायाचित्रे द्यायची नाहीत. छोट्या गावात ‘अमुक तालुक्यातील विद्यार्थिनी’ म्हटले तरी घर ओळखू येते. परतलेल्या मुलांचे स्थानकावर हार घालून स्वागत करण्याची आपल्याकडे हौस आहे. तीन रात्री न झोपलेल्या मुलाला त्या वेळी हार नको असतो.

टप्पा १० : परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात वैद्यकीय तपासणी आणि समुपदेशकाची एक भेट ठरवून द्यावी. ‘गरज वाटली तर या’ म्हटले की कोणी येत नाही. दुसऱ्या आठवड्यात श्रेयांक, शुल्क, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचे प्रश्न एका टेबलावर सोडवावेत. कर्ज देणाऱ्या बँकेला विद्यापीठाने पत्र द्यावे, कारण सत्र थांबले तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वही पुढ्यात घेऊन पथकाने बसावे, आणि ‘कोण चुकले’ याऐवजी ‘कोणत्या वेळी कोणती माहिती नव्हती’ हे वेळेच्या क्रमाने काढावे. तो कागद एका पानाचा असावा आणि त्यातली प्रत्येक ओळ यादीत, ठरावात किंवा करारात कुठे दुरुस्त झाली हे समोर लिहावे.

दरवर्षी १ जूनच्या आधी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एक सराव घ्यावा. कोणालाही आगाऊ न सांगता रविवारी सकाळी सात वाजता पथकातल्या एकाने वही उघडावी आणि छापील यादीवरून सर्वांशी संपर्क साधायला घ्यावा. पहिल्या आवाजापासून शेवटच्या आवाजापर्यंत किती वेळ लागला ते मोजावे, आणि जो क्रमांक लागला नाही तो त्याच दिवशी तिन्ही प्रतींत खोडून नवा लिहावा.